लेखी परीक्षेनंतरची परीक्षा : एम.बी.ए. प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी दुकानातूनच

ओतूरच्या बाजारात लिलावाच्या वेळी जाणता व्यापारी कांद्याची पिशवी वरवर पाहून बोली करीत नाही. तो पिशवी ओतायला लावतो. वरचा थर बहुधा चांगलाच असतो. भाव ठरतो तो तळाच्या मालावर. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी हे काम आयुष्यभर केले आहे. हाच अनुभव आज आपल्या मुलामुलींना व्यवस्थापन शिक्षणाच्या मोठ्या संस्थांच्या दारात येतो. लेखी प्रवेश परीक्षेचे गुण हा वरचा थर. ते चांगले असले म्हणजे मुलाखतीचे बोलावणे येते. मुलाखतीत मात्र पिशवी ओतली जाते.

लेखी परीक्षेची तयारी आता तालुक्याच्या गावी राहूनही करता येते. पुस्तके मिळतात, शिकवण्या आहेत, मोबाइलवर सराव करता येतो. मुलाखतीची तयारी मात्र पुस्तकातून होत नाही, आणि आपली मुले नेमकी तेथे अडखळतात. पुष्कळदा असे होते की मंडळाने 'वडील काय करतात?' असे विचारले की मुलगा 'बिझनेस' एवढेच बोलून गप्प होतो. आडतीचे दुकान, वखार, वेल्डिंगचा कारखाना किंवा शिलाईचे काम सांगायला त्याला संकोच वाटतो. पुढचा प्रश्न येतो, 'कोणता बिझनेस? वर्षाची उलाढाल किती? नफा किती टक्के?' आणि उत्तर येत नाही, कारण ते त्याने घरात कधी विचारलेलेच नसते. ज्या विषयात तो मंडळाला चार नव्या गोष्टी सांगू शकला असता, त्याच विषयात तो नापास होतो.

म्हणून हा लेख मुलांइतकाच त्यांच्या वडिलांसाठीही आहे. मुलाखतीच्या तयारीतला अर्धा भाग घरातच, दुकानाच्या गादीवर होतो.

मुलाखत कोठे असते, कोठे नसते

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट असावी. सर्वच संस्था मुलाखत घेत नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या सीईटी कक्षामार्फत एम.बी.ए.ची जी सामायिक परीक्षा होते, तिच्या केंद्रीय प्रवेश फेरीत जागा गुणवत्ता यादीप्रमाणे मिळतात. तेथे सीईटीचे गुण, प्रवर्ग आणि पसंतीक्रम महत्त्वाचे. त्या फेरीसाठी मुलाखतीची भीती बाळगण्याचे कारण नाही.

आयआयएम या केंद्र सरकारच्या संस्थांची पद्धत वेगळी आहे. कलकत्ता आणि अहमदाबाद येथील पहिल्या दोन आयआयएम १९६१ साली निघाल्या. आपल्या राज्यात नागपूरची आयआयएम २०१५ साली सुरू झाली आणि मुंबईतील नीटी या जुन्या संस्थेला २०२३ साली आयआयएमचा दर्जा मिळाला. या संस्थांसाठी कॅट ही परीक्षा द्यावी लागते. ती साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते. निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकी पंचाण्णवांच्या पुढे, असा त्याचा अर्थ आहे. त्यानंतर दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, कामाचा अनुभव अशा गोष्टी जमेस धरून निवडक उमेदवारांना बोलावले जाते. जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत मुलाखतींचा हंगाम चालतो. बऱ्याच ठिकाणी मुलाखतीबरोबर एखाद्या विषयावर थोड्या वेळात लेख लिहून द्यावा लागतो.

पुण्याच्या सिंबायोसिसच्या संस्था स्नॅप परीक्षेनंतर आणि जमशेदपूरची एक्सएलआरआय झॅट परीक्षेनंतर मुलाखत घेते. शेतमालाच्या व्यापाराशी ज्यांचे घर जोडलेले आहे, त्यांनी आणखी दोन नावे लक्षात ठेवावीत : पुण्यातील वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आणि हैदराबादची मॅनेज. या दोन्ही ठिकाणी कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. कांदा, टोमॅटो, बटाटा यांत वाढलेल्या मुलाला तेथे सांगण्यासारखे पुष्कळ असते.

मंडळाला काय पाहायचे असते

मुलाखत मंडळात बहुधा दोन-तीन जण असतात आणि बोलणे पंधरा ते तीस मिनिटे चालते. त्यांच्यासमोर उमेदवाराने भरलेला अर्ज असतो. गणित आणि इंग्रजीची परीक्षा होऊन गेलेली असते, म्हणून त्यांना वेगळ्याच गोष्टी तपासायच्या असतात. हा मुलगा स्वतःविषयी खरे बोलतो का? जे शिकला ते त्याला समजले आहे का? आजूबाजूला जे चालले आहे ते डोळे उघडे ठेवून पाहतो का? अडचणीचा प्रश्न आला तर घाबरतो, चिडतो, की शांतपणे विचार करतो? आणि दोन वर्षे शिकून पुढे काय करायचे, याचा त्याने काही विचार केला आहे का?

यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर चालत नाही. मंडळातील माणसांनी अशी उत्तरे शेकड्यांनी ऐकलेली असतात.

पहिला धडा : एका गाडीचा हिशेब

समजा, ओतूरच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या मुलीला मुलाखतीचे बोलावणे आले आहे. तिने वडिलांजवळ बसून एका गाडीचा हिशेब नीट समजून घ्यावा. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या दुकानाचे खरे आकडे घालावेत.

जुन्नर तालुक्यातील बाजारांत कांद्याचा भाव दहा किलोला सांगतात. दहा किलोस २०० रुपये दराने १० टन कांदा घेतला. दहा टन म्हणजे दहा-दहा किलोचे एक हजार हिस्से. खरेदी झाली २,००,००० रुपयांची. हमाली, तोलाई, बारदान, निवड, बाजार समितीची फी आणि गाडीभाडे मिळून २५,००० रुपये. एकूण गुंतले २,२५,००० रुपये.

माल मोठ्या बाजारात पोचेपर्यंत ३ टक्के घट आली. राहिला ९,७०० किलो. २४ रुपये किलोने विकला तर आले २,३२,८०० रुपये. नफा ७,८०० रुपये, म्हणजे गुंतलेल्या रकमेवर सुमारे साडेतीन टक्के.

आता घट ३ ऐवजी ६ टक्के धरा. विक्रीला राहिला ९,४०० किलो. त्याच भावाने आले २,२५,६०० रुपये. नफा उरला ६०० रुपये. भाव तोच, गाडी तीच, मेहनत तीच. केवळ तीन टक्के माल जास्त खराब झाला आणि सगळा नफा गेला. ज्या मुलीला हे समजले, ती कांद्याच्या धंद्यात निवड, वाळवण आणि साठवण यांना इतके महत्त्व का आहे हे मंडळाला दोन मिनिटांत सांगू शकते.

दुसरी गोष्ट उधारीची. शेतकऱ्याची पट्टी लगेच चुकती करावी लागते. समोरच्या बाजारातून पैसे मात्र पंधरा दिवसांनी येतात असे समजू. म्हणजे तेच सव्वा दोन लाख रुपये वर्षात सुमारे चोवीस वेळा फिरतात. पैसे महिन्याने येऊ लागले तर बारा वेळाच फिरतील. धंदा निम्मा झाला, आणि बाजारभाव एक पैशाने बदललेला नाही. याला पुस्तकात खेळते भांडवल आणि त्याचे चक्र म्हणतात. कॉमर्सच्या विद्यार्थ्याने त्याची व्याख्या पाठ केलेली असते. आपल्या मुलीने ती वडिलांच्या वहीत पाहिलेली असेल, तर तिचे उत्तर निराळेच वाटेल.

तिसरा प्रश्न हमखास येतो : 'ना नफा ना तोटा' होण्यासाठी कोणत्या भावाने विकावे लागेल? २,२५,००० रुपयांना ९,७०० किलोने भागा. उत्तर येते सुमारे २३ रुपये २० पैसे. एवढे तोंडी करता आले पाहिजे.

येथे वडिलांना एक विनंती आहे. आपल्याकडे वही मुलांना दाखवण्याची पद्धत नाही. 'तू अभ्यास कर, धंद्यात डोके घालू नकोस' असे आपण प्रेमाने सांगतो. मुलाखतीच्या निमित्ताने ही पद्धत सोडावी. आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलाला किंवा मुलीला जवळ बसवावे आणि एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून सांगावा. ज्या व्यवहारात तोटा झाला तोही सांगावा. 'तुमच्या घरच्या धंद्यातली एखादी चूक सांगा' असे मंडळ विचारू शकते, आणि प्रामाणिक उत्तराची छाप चांगलीच पडते.

कारागिराच्या घरातील उमेदवार

हा धडा फक्त व्यापाऱ्यांसाठी नाही. समजा, वडिलांचे फॅब्रिकेशनचे काम आहे. त्यांनी एक लोखंडी फाटक १४,००० रुपयांना करून दिले. लोखंड लागले ९,००० रुपयांचे. घरात सहज म्हटले जाते, 'पाच हजार सुटले.' मुलाने पुढे विचारावे. वीज आणि वेल्डिंगच्या कांड्या ५०० रुपये. मदतनीस दोन दिवस, रोज ६०० प्रमाणे १,२०० रुपये. आणि वडील स्वतः दोन दिवस राबले त्याचे काय? बाहेर कामाला गेले असते तर रोज १,००० रुपये मिळाले असते, म्हणजे २,००० रुपये. आता खर्च झाला १२,७०० आणि खरा नफा उरला १,३०० रुपये. जागेचे भाडे आणि यंत्राची झीज अजून धरलेलीच नाही.

आपले बहुतेक कारागीर स्वतःची मजुरी आणि स्वतःची जागा हिशेबात धरत नाहीत. काम भरपूर असूनही हातात काही का राहत नाही, याचे एक कारण येथे आहे. कारागिराच्या मुलाने हे मुलाखतीत साध्या शब्दांत मांडले आणि आपण त्यात कोणती सुधारणा करू हे सांगितले, तर त्याला वेगळी छाप पाडण्याची गरज राहत नाही.

जुन्नरचाच एक इतिहास या ठिकाणी आठवण्याजोगा आहे. हाताने कागद करणारे कागदी लोक जुन्नरात होते आणि जुन्नरी कागद पेशवाईत दप्तराच्या कामासाठी नावाजलेला होता. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. 'तुमच्या भागातला एखादा बुडालेला उद्योग सांगा, आणि तुम्ही असता तर काय केले असते?' असा प्रश्न आला, तर यापेक्षा जवळचे उदाहरण कोणते? स्वस्त मालाशी भावात लढायचे, की टिकाऊ आणि देखण्या कागदाचे वेगळे गिऱ्हाईक शोधायचे, यावर मुलाने स्वतःचे मत तयार ठेवावे. मत चुकले तरी चालेल, पण त्यामागे कारण असावे.

'धंदा आहे, मग एम.बी.ए. कशाला?'

व्यापाऱ्याच्या मुलाला हा प्रश्न विचारला जाणार, हे गृहीत धरून चालावे. बहुतेक मुले उत्तर देतात, 'मला आमचा बिझनेस मोठा करायचा आहे.' त्यावर मंडळ विचारते, 'मग आजच का करत नाही? दोन वर्षे आणि एवढी फी कशासाठी?'

खरी अडचण अशी की या प्रश्नाचे उत्तर घरातच ठरलेले नसते. वडिलांना वाटते, शिकून आला की गादीवर बसेल. मुलाच्या मनात पुण्या-मुंबईची नोकरी असते. दोघेही एकमेकांना स्पष्ट बोललेले नसतात. मग मुलगा मंडळापुढे एक सांगतो, चेहरा दुसरे सांगतो, आणि अनुभवी माणसांच्या ते लक्षात येते.

हे बोलणे मुलाखतीच्या आधी घरात व्हावे. अब्बा आणि मुलगा दोघांनी समोरासमोर बसावे. मुलाने विचारावे, 'अब्बा, मी नोकरी धरली तर दुकान कोण पाहील?' वडिलांनी मनात असेल ते खरे सांगावे. कोणी म्हणेल, 'पाच वर्षे बाहेर काम करून ये, मग पाहू.' कोणी म्हणेल, 'दुकान मी थाकटा सांभाळेल, तू तुझी वाट धर.' उत्तर काहीही असो, ते ठरलेले असले की मुलगा ठामपणे बोलू शकतो. उदाहरणार्थ : 'आमच्याकडे खरेदी चांगली होते, पण विक्री दोनच बाजारांवर अवलंबून आहे. साठवण आणि दूरची बाजारपेठ यांतले मला काही कळत नाही. ते शिकून पाच-सहा वर्षे एखाद्या अन्नप्रक्रिया किंवा वाहतूक कंपनीत काम करायचे आहे. त्यानंतर घरच्या धंद्यात यायचे की नाही, ते वडिलांशी बोलून ठरवेन.' या उत्तरात मोठे शब्द नाहीत, पण माहिती आहे आणि खोटे काही नाही.

आपले गाव माहीत असावे

अर्जात 'ओतूर' लिहिले की मंडळ ओतूरविषयी विचारते. कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. संत तुकारामांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी येथे आहे. तालुक्यात शिवनेरी आहे, जेथे १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला. खोडद येथे जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. आणि व्यापाऱ्याच्या मुलाने तर नाणेघाट विसरूच नये. सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांचा माल या घाटाने जुन्नरला चढत असे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकात गोळा करीत, असे परंपरेने सांगतात. आपला भाग दोन हजार वर्षे व्यापाराच्या वाटेवर आहे, हे सांगताना मुलाचा आवाज आपोआप मोकळा होतो.

बातम्या आणि पदवीचा विषय

वर्तमानपत्र रोज वाचावे हे सर्वच सांगतात. परंतु सगळेच वाचायला गेले तर काहीच लक्षात राहत नाही. घरच्या धंद्याशी संबंधित एक विषय घ्यावा आणि तो खोलवर पाहावा. कांद्याचेच पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर हा किमान निर्यात भाव आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान भावाची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही रद्द झाले.

हा क्रम पाठ असणे पुरेसे नाही. मंडळ विचारेल, 'सरकारने बंदी घालणे बरोबर होते का?' शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा महाग पडतो, ही एक बाजू. बराखीत चार-पाच महिने कांदा सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला भाव आला की दरवाजा बंद होतो, ही दुसरी. परदेशी गिऱ्हाईक एकदा तुटले की दुसऱ्या देशाकडे वळते, ही तिसरी. तिन्ही बाजू मांडून मग आपले मत सांगावे. केवळ सरकारला दोष देणे किंवा केवळ व्यापाऱ्याला साठेबाज म्हणणे, दोन्ही अपुरे आहे. व्यापारी साठवतो म्हणून पावसाळ्यात शहराला कांदा मिळतो, हेही सांगायला संकोचू नये.

पदवीच्या विषयातील दोन-तीन भाग पक्के असावेत. बी.कॉम. झालेल्याला घसारा, ताळेबंद आणि जीएसटी विचारतात. ताज्या कांद्यावर जीएसटी नाही, मग वडिलांना त्याचा काही संबंध येतो का? फाटकावर लागतो, तर तो गिऱ्हाइकाला कसा समजावता? असे प्रश्न दुकानातूनच सुटतात.

भाषेची भीती

मुलाखत बहुधा इंग्रजीत होते. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेली मुले येथे खचतात. मंडळाला चुका नसलेले इंग्रजी हवे असते, हा समज खरा नाही. त्यांना समजेल असे, सरळ आणि छोट्या वाक्यांचे इंग्रजी पुरते. रोज वीस मिनिटे मोठ्याने बोलण्याचा सराव करावा, आणि विषय घरचाच घ्यावा : आज बाजारात आवक किती झाली, भाव का उतरला, अब्बांनी आज माल का घेतला नाही. ओळखीच्या गोष्टीसाठी शब्द लवकर सापडतात. 'लिलाव', 'आडत', 'गोल्टी' असे शब्द तसेच वापरून त्यांचा अर्थ सांगितला तर बिघडत नाही. एखादा शब्द अडला तर तसे सांगून दुसऱ्या रीतीने बोलावे.

प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही' असे स्वच्छ सांगावे. थाप मारलेली दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते. अर्जात 'वाचनाची आवड' लिहिले असेल तर शेवटचे पुस्तक कोणते, हे विचारणारच. जी आवड नाही ती लिहू नये. दर रविवारी वडिलांबरोबर बाजारात जाणे हीच आवड असेल तर ती लिहावी.

काही नाजूक प्रश्न

मुस्लिम उमेदवाराला कधी असेही विचारले जाते : 'तुमच्या धर्मात व्याज निषिद्ध आहे, मग बँकिंग कसे शिकाल?' हा प्रश्न अपमान म्हणून घेऊ नये. उमेदवार चिडतो का, हे पाहण्यासाठी किंवा निव्वळ कुतूहलाने तो विचारला जातो. शांतपणे सांगावे की प्रचलित पद्धत शिकण्यात काही अडचण नाही. ती समजल्याशिवाय तिच्याविषयी बोलताही येत नाही. मुदारबा आणि मुशारका, म्हणजे नफा-तोट्यातील भागीदारीच्या पद्धतीही जगात चालतात, आणि दोहोंची तुलना करण्यात आपल्याला रस आहे. एवढे पुरे. वाद जिंकायचा नसतो.

मुलींना घरच्यांविषयी, बाहेरगावी राहण्याविषयी विचारले जाऊ शकते. 'घरच्यांची तयारी आहे' हे उत्तर खरे असावे, म्हणजेच पालकांनी आधी तसे ठरवलेले असावे. कित्येक संस्था निवडीत मुलींच्या सहभागाला काही वजन देतात. परीक्षेत उत्तम गुण मिळवलेली मुलगी 'एवढ्या लांब कशी पाठवायची' या एका वाक्यामुळे घरी राहिली, तर त्यात मंडळाचा दोष नाही. पोशाख साधा, स्वच्छ आणि स्वतःला सवयीचा असावा. डोक्यावर स्कार्फ घेण्याची सवय असेल तर तो घेऊनच जावे. त्या दिवशी नवा अवतार धारण केला की लक्ष बोलण्यावर राहत नाही.

कागदपत्रांत हयगय नको

आपल्या समाजातील एक जुनी अडचण म्हणजे नावातील फरक. दहावीच्या प्रमाणपत्रावर 'शेख', आधारवर 'शैख', जातीच्या दाखल्यावर आडनाव पुढे, पदवीवर मागे, आणि इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारचे. हा गोंधळ मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात निस्तरत नाही. परीक्षेचा अर्ज भरण्याआधीच सर्व कागद समोर ठेवून दुरुस्ती किंवा राजपत्रात नोंद करून घ्यावी.

महाराष्ट्रात मुस्लिमांतील अनेक कारागीर आणि व्यावसायिक जमाती इतर मागासवर्गात आहेत. केंद्रीय संस्थांत या वर्गाला २७ टक्के जागा राखीव असतात. मात्र राज्याची यादी आणि केंद्राची यादी वेगळी आहे. आपल्या जमातीचे नाव केंद्राच्या यादीत आहे का, हे पाहावे. असल्यास उन्नत गटात नसल्याचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि संस्थेने सांगितलेल्या मुदतीतले लागते. राज्याच्या नमुन्यातला कागद घेऊन गेलेला उमेदवार तेथे अडतो. उत्पन्नाची मर्यादा २०१७ पासून वर्षाला ८ लाख रुपये आहे.

वडिलांच्या दुकानात काम केल्याचा अनुभव अर्जात दाखवायचा असेल तर संस्थेचा नियम आधी वाचावा. बहुतेक ठिकाणी कागदी पुरावा मागतात. पुरावा नसेल तर अनुभवाच्या रकान्यात न लिहिता मुलाखतीत बोलण्यातून सांगावा.

आठ आठवड्यांचा क्रम

कॅट झाल्यावर निकालाची वाट पाहत बसू नये. पहिले दोन आठवडे घरच्या धंद्याच्या वहीला द्यावेत. पुढचे दोन पदवीच्या विषयाला. त्यानंतर दोन आठवडे गाव, तालुका आणि धंद्याशी जोडलेल्या बातम्यांसाठी. शेवटच्या दोन आठवड्यांत सरावाच्या मुलाखती घ्याव्यात. त्यासाठी शहरातच जावे लागते असे नाही. ओळखीचे प्राध्यापक, बँकेतील अधिकारी, चार्टर्ड अकाउंटंट, एखादा जुना आडत्या अशा तिघांना बसवावे आणि अर्ज हातात देऊन हवे ते विचारायला सांगावे. जुना आडत्या जे प्रश्न विचारील ते प्राध्यापकाला सुचणार नाहीत.

गेली काही वर्षे रमजान याच हंगामात येतो आहे. वेळ निवडण्याची सोय असेल तर रोजेदाराने सकाळची वेळ मागावी. सहरीनंतर थोडी झोप घ्यावी. मुलाखत मुंबईत असेल तर आदल्या दिवशीच जाऊन राहावे. घाटातल्या रस्त्यावर भरवसा ठेवून पहाटे निघू नये.

निवड झाली नाही तर

चांगली तयारी करूनही निवड होत नाही, असे पुष्कळदा घडते. जागा थोड्या आणि उमेदवार फार. घरच्यांनी त्यावरून मुलाला बोल लावू नये. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येतो, आणि सीईटीच्या फेरीची वाट वेगळी असतेच.

शिवाय ही तयारी वाया जाणारी नाही. ज्या मुलाने एका गाडीचा हिशेब शेवटच्या रुपयापर्यंत मांडला, वडिलांची मजुरी पहिल्यांदाच खर्चात धरली आणि उधारीचे दिवस मोजले, तो उद्या नोकरीत असो वा गादीवर, त्याला धंदा दिसू लागलेला असतो. मुलाखतीची तारीख पुढे असेल तर आज रात्री दुकान बढवल्यावर वही घरी न्यावी आणि मुलाला, मुलीला समोर बसवावे. सुरुवात गेल्या आठवड्यातल्या एका व्यवहारापासून करावी. शक्य तर ज्यात तोटा आला त्यापासून.